हाडाच्या सीटीत टेंडनही असते, अहवालात मात्र नसते

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दुचाकी घसरली, बांधकामाच्या परांचीवरून मजूर पडला, आंबे काढताना कोणी झाडावरून कोसळले, अशा बातम्या आपल्या दैनिकात नेहमी येतात. बातमी 'पायाला फ्रॅक्चर, प्रकृती स्थिर' इथे थांबते. पुढे सीटी स्कॅन होतो, प्लेट बसते, तीन-चार महिन्यांनी एक्स-रेवर हाड जुळलेले दिसते. तरीही काहींचा घोटा दुखायचा थांबत नाही, चालताना बाहेरच्या बाजूला काहीतरी कटकन सरकते, किंवा मनगट बरे झाल्यावर एके दिवशी अंगठा उचलेनासा होतो. घोट्याच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ पहिल्या दिवशीच्या सीटीतच असते. हाडाला लागून जाणारे टेंडन जागेवरून निसटलेले असते, फ्रॅक्चरच्या फटीत अडकलेले असते किंवा तुटलेले असते, आणि अहवालात त्याबद्दल एक ओळही नसते. ती ओळ लिहिली जावी, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट कंडरा. ती पाहायची तर एमआरआयच हवा, असा समज रुग्णांतच नव्हे, डॉक्टरांतही पक्का बसला आहे. तो अर्धाच खरा आहे. सीटीत प्रत्येक ऊतीला घनतेचा एक आकडा मिळतो. त्याचे एकक हाउन्सफील्ड. पाण्याचा आकडा ०, चरबीचा उणे १००च्या आसपास, स्नायूचा ५० ते ६०, आणि टेंडनचा त्याहून थोडा वर, साधारण ८० ते ११०. म्हणजे टेंडन स्नायूपेक्षा किंचित उजळ दिसते आणि भोवतालच्या काळ्या चरबीत चांगले उठून दिसते. घोटा आणि मनगट इथे टेंडनांभोवती ही चरबी निसर्गतःच असते, म्हणून शिरेतून औषध न देताही काम भागते. अगदी काटक माणसात किंवा लहान मुलात चरबीचा थर पातळ असल्याने वाचन अवघड जाते, हे खरे.

मग दिसत का नाही? कारण ते चित्र तयारच केले जात नाही. फ्रॅक्चरसाठी केलेल्या सीटीत संगणकाला हाडाच्या कडा तीक्ष्ण करणारे गाळण, म्हणजे बोन कर्नल, लावले जाते. त्याने हाडाची बारीक चीर छान दिसते, पण मऊ ऊतींवर दाणेदार खर पसरते. त्यात विंडो, म्हणजे घनतेच्या आकड्यांचा जो पट्टा काळ्या-पांढऱ्या छटांत दाखवायचा तो, ठेवली जाते साधारण २००० रुंदीची. इतक्या रुंद विंडोत ५५ आणि ९५ या आकड्यांतला फरक डोळ्याला कळणे शक्यच नाही. टेंडन, स्नायू आणि साकळलेले रक्त सगळे एकाच राखाडी रंगाचे होऊन बसते. त्याच कच्च्या डेटावरून सॉफ्ट टिश्यू कर्नल, म्हणजे मऊ ऊतींसाठीचे गाळण, लावून, १ ते २ मिलिमीटर जाडीचे काप, ३०० ते ४०० रुंदी आणि ४० ते ७० मध्य अशा विंडोत काढले, की टेंडन वेगळे दिसू लागते. रुग्णाला पुन्हा यंत्रात घालावे लागत नाही, जादा किरणोत्सर्ग नाही; तंत्रज्ञाची काही मिनिटे जातात. अडचण एवढीच, की कच्चा डेटा यंत्रावर फार दिवस राहत नाही. गर्दीच्या केंद्रात तो काही दिवसांतच पुसला जातो आणि मग उरतात फक्त आधी तयार केलेली चित्रे. त्यामुळे हे काम रुग्ण टेबलावरून उतरला की त्याच बैठकीत उरकायला हवे.

एकाच वेळी अनेक ठिकाणी इजा झालेल्या रुग्णात आणखी एक गोची होते. डोक्यापासून पायापर्यंतच्या तपासणीत किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांच्या अँजिओग्राफीत घोटा आलेला असतो, पण चित्राची चौकट दोन्ही पाय मावतील अशी, ५०० मिलिमीटरपर्यंत असते. ५१२ ठिपक्यांत ५०० मिलिमीटर बसवले, की एक ठिपका जवळजवळ १ मिलिमीटरचा होतो. टेंडनची जाडीच मुळात काही मिलिमीटर, त्यामुळे असल्या चित्रात त्याची कड शोधणे व्यर्थ. त्याच डेटावरून एकट्या घोट्याची १५० मिलिमीटरची चौकट घेतली, तर ठिपका ०.३ मिलिमीटरवर येतो. अँजिओग्राफीत तर रक्तवाहिन्या औषधाने पांढऱ्या झालेल्या असतात, त्यामुळे टेंडन कोणते आणि धमनी कोणती हा घोळही मिटतो.

आणि शेवटी फिल्म. आपल्याकडे रुग्णाच्या हाती मोठे पाकीट येते. त्यात हाडाच्या विंडोतले काप आणि हाडाची रंगीत त्रिमितीय चित्रे असतात. ही रंगीत चित्रे नातेवाइकांना समजावायला उत्तम, पण ती बनवतानाच संगणकाने मऊ ऊती कापून टाकलेल्या असतात. टेंडनच्या दृष्टीने त्यांचा उपयोग शून्य. सीडी पाकिटाच्या तळाशी असते आणि बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत ती उघडायला कोणाला सवड नसते. शस्त्रक्रियेचा आराखडा फिल्मवरूनच ठरतो.

आता प्रत्यक्ष काय पाहायचे, ते टाचेच्या हाडापासून सांगतो, कारण ही चूक सर्वांत जास्त तिथेच होते. उंचीवरून माणूस पायांवर पडला की वरचे टॅलस हाड पाचरीसारखे खाली घुसते, टाचेचे हाड चिरडते आणि त्याची बाहेरची भिंत फुगून बाहेर येते. या भिंतीला लागूनच दोन पेरोनियल टेंडन जातात. घोट्याच्या बाहेरच्या हाडामागे, म्हणजे फिब्युलामागे, एका उथळ खोबणीत ती असतात. ब्रेव्हिस हाडाला चिकटून, चपटे. लाँगस त्याच्या मागे, गोलसर. दोघांना खोबणीत धरून ठेवणारी एक पट्टी असते, सुपीरियर पेरोनियल रेटिनॅक्युलम. फुगलेली भिंत खालची जागा अडवते, पट्टी फाटते किंवा हाडावरून खरवडून निघते, आणि कप्पीवरून दोर घसरावा तशी ही टेंडन फिब्युलाच्या बाहेर किंवा पुढे येऊन बसतात.

सीटीत हे ओळखणे कठीण नाही. फिब्युलाच्या टोकापासून १ ते २ सेंटिमीटर वरच्या आडव्या कापात खोबणी पाहायची. ती रिकामी आहे, तिथे रक्त किंवा सूज भरली आहे, आणि हाडाच्या बाहेरच्या कडेला त्वचेखाली दोन उजळ ठिपके आहेत, म्हणजे निदान झाले. कधी फिब्युलाच्या बाहेरच्या कडेला नखाएवढी पातळ ढलपी सुटलेली दिसते. ती पट्टीबरोबर निघालेली असते. घोट्याच्या समोरून काढलेल्या साध्या एक्स-रेवरही ती दिसू शकते. ही ढलपी 'किरकोळ चिप फ्रॅक्चर' म्हणून सोडून दिलेली फार वेळा पाहायला मिळते. टाच फुटलेल्या माणसात ती दिसली, तर पेरोनियल टेंडन निसटले आहे असेच धरून चालावे, आणि नाही हे सिद्ध करायची जबाबदारी वाचणाऱ्याने घ्यावी.

हे विरळा आहे असेही नाही. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सांध्यापर्यंत गेलेल्या टाचेच्या फ्रॅक्चरचे चारशेहून अधिक सीटी पुन्हा वाचले गेले. चौथाईहून जास्त रुग्णांत पेरोनियल टेंडन जागेवरून हललेली होती, आणि अशा दहांतल्या जेमतेम एकाच्या मूळ अहवालात त्याची नोंद होती. आपल्याकडचे चित्र याहून बरे असेल असे मानायला आम्हाला तरी कारण दिसत नाही.

'शस्त्रक्रियेत कळेलच की' हे यावरचे नेहमीचे उत्तर. पूर्वी बाहेरच्या बाजूने मोठा इंग्रजी एल आकाराचा छेद घेऊन कातडीचा पूर्ण पडदा उचलत, टेंडन त्या पडद्यात वर जात आणि निदान तिथे हात तरी लागे. आता जखम चिघळू नये म्हणून बहुतेक जण सायनस टार्साय या छोट्या छेदातून काम करतात. ते योग्यच आहे, पण त्यातून फिब्युलामागची खोबणी आपोआप दिसत नाही. ज्यांची शस्त्रक्रियाच होत नाही, मधुमेह, धूम्रपान, पायाचा कमी रक्तपुरवठा अशा कारणांनी फक्त प्लॅस्टरवर ठेवले जातात, त्यांचे तर कधीच कळत नाही. सीटीत नोंद असली, की सर्जन हाड बसवल्यावर घोटा वर-बाहेर वळवून टेंडन सरकते का हे तपासतो. सरकत असेल तर फिब्युलामागे वेगळा छोटा छेद घेऊन पट्टी हाडाला शिवून टाकतो. त्या वेळी हे काम थोडक्यात होते. वर्षभराने करायचे म्हटले तर व्रण सोडवणे, खोबणी खोल करणे, झिजून चिरलेले टेंडन दुरुस्त करणे, असा व्याप वाढतो.

टाचेच्या आतल्या बाजूला एक वेगळा धोका असतो. पायाचा अंगठा वाकवणारे फ्लेक्सर हॅल्युसिस लाँगस टेंडन सस्टेंटॅक्युलम टॅलाय या हाडाच्या कंगोऱ्याखालून जाते. फ्रॅक्चर त्या कंगोऱ्यात शिरले तर टेंडन फटीत चिमटते. अंगठा वाकलेला राहतो किंवा तो सरळ करताना रुग्ण ओरडतो. आणि फ्रॅक्चरने सोडले तरी स्क्रू सोडेलच असे नाही. बाहेरून आत त्या कंगोऱ्याकडे मारलेला स्क्रू २-३ मिलिमीटर लांब झाला, की टोक थेट या टेंडनला घासते. म्हणून स्क्रूची लांबी ठरवताना आतल्या बाजूचा सॉफ्ट टिश्यू काप समोर असावा.

टाचेचाच आणखी एक प्रकार असा, की त्यात सीटीची वाट पाहणेसुद्धा चूक ठरते. टाचेचा मागचा तुकडा जिभेच्या आकारात सुटतो आणि त्याला चिकटलेले पोटरीचे अकिलीस टेंडन त्याला वर ओढते. तुकडा आतून कातडीला टोचत राहतो. कातडी पांढरी किंवा जांभळी पडली असेल तर हिशेब तासांचा असतो. पाऊल ९० अंशांत ठेवून बांधणे ही इथली नेहमीची चूक. त्याने टेंडनचा ताण वाढतो. पाऊल खाली झुकवून बांधायचे आणि रुग्णाला लगेच पुढे पाठवायचे.

घोट्याच्या वर, नडगीचे खालचे टोक फुटते तेव्हा आतल्या बाजूची टेंडन पाहावी लागतात. सांध्याच्या १ सेंटिमीटर वरच्या आडव्या कापात, आतल्या घोट्यामागे पुढून मागे असा क्रम लागतो: टिबियालिस पोस्टेरियर, फ्लेक्सर डिजिटोरम, मग धमनी-शिरा-नस, आणि सर्वांत मागे फ्लेक्सर हॅल्युसिस. पहिले टेंडन दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट जाड असते. मोजायला लागल्यावर घोट्यामागे जाड ठिपका सापडतच नसेल, तर तो फ्रॅक्चरच्या फटीत शोधायचा. आतल्या आणि मागच्या तुकड्यांमधल्या फटीत टिबियालिस पोस्टेरियर शिरते तेव्हा तिथे गोल, गुळगुळीत कडांचा, उजळ राखाडी ठिपका दिसतो. सांधा निखळून फुटलेल्या जखमेत ते मागून टिबिया, म्हणजे नडगीचे हाड, आणि फिब्युला यांच्यामध्येही घुसते. अशा घोट्याला बाहेरून कितीही ओढून बसवले तरी सांध्याची फट एका बाजूला रुंदच राहते. जोर लावणाऱ्याला कळत नाही की मध्ये काय आडवे आले आहे. न सोडवता वरून प्लेट बसवली, तर टेंडन हाडात दाबले जाते, तुटते किंवा चिकटते, आणि पुढे पायाची कमान बसते.

इथे क्रमही महत्त्वाचा. नडगीच्या अशा फ्रॅक्चरमध्ये आधी बाहेरची सांगाडी, म्हणजे एक्स्टर्नल फिक्सेटर, लावून लांबी ओढून घ्यायची आणि मग सीटी करायचा. तुकडे एकमेकांत घुसलेले असताना काढलेल्या सीटीत टेंडनचा माग लागत नाही. सांगाडीच्या धातूमुळे चित्र खराब होईल ही भीती बहुधा जास्तच असते. धातूचे पट्टे मुख्यतः धातू ज्या कापात आहे त्याच पातळीवर उमटतात. टाचेतली पिन आणि नडगीच्या वरच्या भागातल्या पिना सांध्यापासून दूर असल्या, तर मधले काप स्वच्छ येतात. पिना आणि दांड्या जोडणारे क्लॅम्प तेवढे सांध्याच्या पातळीवर आणू नयेत, आणि दांड्या कार्बनच्या असतील तर उत्तम.

वाचायची रीत सांगायची तर ती सोपी आहे, धीर मात्र लागतो. टेंडन फ्रॅक्चरच्या जागी शोधायला जायचे नाही. वर स्नायूपाशी, जिथे सगळे शाबूत आहे, तिथे ते पकडायचे आणि एकेक काप खाली उतरायचे. मध्येच हरवले, तर खाली जिथे ते हाडाला चिकटते तिथून उलटे वर यायचे. दोन्हीकडून येऊन मध्ये गाठ पडली नाही, तर तुटले आहे किंवा भलतीकडे गेले आहे. रक्ताची गाठ आणि टेंडन यांची घनता जवळपास असली, तरी गाठ दहा काप एकाच गोल आकारात राहत नाही, टेंडन राहते. पेरोनियल टेंडन फिब्युलाच्या टोकाखाली वळते, तिथे सरळ आडवा काप त्याला तिरका छेदतो आणि ते उगाच जाड किंवा फाटल्यासारखे दिसते. तिथे काप टेंडनला काटकोनात येईल असा तिरका फिरवून घ्यावा. उघड्या जखमेत टेंडनच्या म्यानात, म्हणजे भोवतालच्या आवरणात, हवेचे काळे बुडबुडे रांगेने दिसले, तर जखम दिसते त्याहून लांब पोचली आहे.

फसायच्या जागाही आहेत. काही माणसांत पेरोनियस क्वार्टस नावाचे जादा टेंडन असते. दोनऐवजी तीन ठिपके दिसले म्हणजे लाँगस चिरले, असे नव्हे. पेरोनियस लाँगसमध्ये कधी वाटाण्याएवढे हाड असते. त्याचे दोन तुकडे दिसले तर जन्मजात दुभंगलेले आहे का फुटलेले, हे कडांवरून पाहावे; तुकड्यांत ६ मिलिमीटर किंवा जास्त अंतर असेल, किंवा हाड वर सरकले असेल, तर टेंडन तुटल्याचा संशय घ्यावा. उलट बाजूने, पाऊल सैल खाली पडलेले असताना काढलेल्या सीटीत निसटणारे टेंडन परत खोबणीत जाऊन बसलेले असू शकते. म्हणून 'जागेवर आहे' याचा अर्थ 'पट्टी शाबूत आहे' असा सर्जनने घेऊ नये. शक्य तिथे पाऊल काटकोनात ठेवून सीटी काढावा. प्लॅस्टरची पट्टी असेल तर ती काढायची गरज नाही.

मनगटाची तऱ्हा निराळी. अंगठा मागे उचलणारे एक्स्टेन्सर पॉलिसिस लाँगस टेंडन रेडियस या अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या पाठीवरच्या लिस्टर उंचवट्याला वळसा घालून जाते. मनगट पार वेडेवाकडे मोडले तर सगळे सावध असतात. पण हे टेंडन जास्त करून तुटते ते साध्या, जागेवरून न हललेल्या फ्रॅक्चरमध्ये, तेही ३ आठवडे ते ३ महिन्यांनी. कारण तिथले म्यान फाटलेले नसते. आत रक्त साचते, दाब वाढतो, आणि त्या टापूत टेंडनला रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा. खाली हाडाची खरखरीत कड घासत असतेच. प्रमाण कमी आहे, शंभरात पाचांच्या आत, पण ज्याचे तुटते त्याला शर्टाची गुंडी लावणे जड जाते. सीटीत उंचवट्याच्या तळाशी चीर, तिथला तुकडा वर आलेला किंवा टेंडन त्या चिरेत बुडालेले दिसले, तर रुग्णाला आधीच सांगून ठेवावे: तळहात टेबलावर पालथा ठेवून अंगठा वर उचलून पाहायचा, दुखू लागला किंवा कमी उचलू लागला तर लगेच यायचे. तुटल्यावर टोके झिजलेली असल्याने ती सहसा एकमेकांना शिवता येत नाहीत. तर्जनीचे एक जादा टेंडन वळवून अंगठ्याला जोडावे लागते.

मनगटात प्लेट तळहाताच्या बाजूने बसवतात. तिचे स्क्रू पाठीमागे बाहेर आले तर हीच टेंडन कापली जातात, आणि उंचवट्यामुळे साध्या बाजूच्या एक्स-रेवर ते लपते. स्क्रू पलीकडच्या भिंतीच्या २ मिलिमीटर अलीकडे थांबवणे हा बरा नियम. शंका असेल तर शस्त्रक्रियेनंतरच्या सीटीत पाहावे. आणि मनगटाचा सीटी काढताना हात डोक्याच्या वर घ्यावा. हात पोटावर ठेवून काढला तर धडाच्या जाडीने चित्रावर रेघा येतात आणि मऊ ऊती वाचण्यालायक राहत नाहीत.

गुडघ्यात सॅजिटल, म्हणजे बाजूने दिसणाऱ्या उभ्या, कापावर एक नजर पुरते: वाटी वर चढली आहे का, पटेलर टेंडन ताणलेले सरळ आहे की नागमोडी, आणि नडगीच्या उंचवट्याचा तुकडा वेगळा सुटला आहे का. सुटला असेल तर त्याला स्वतंत्र स्क्रू लागतो. खांद्यात बायसेप्सचे लांब टेंडन दंडाच्या हाडाचे डोके आणि उंचवट्याचे तुकडे यांच्यात अडकून सांधा बसू देत नाही, हे लक्षात असले की झाले.

एमआरआय आणि सोनोग्राफी यांना आम्ही निरोप देत नाही. टेंडनमधली अर्धवट चीर, उभी फाट, म्यानातली नुसती सूज यांसाठी सीटी कमजोर आहे. सरकलेले टेंडन हालचाल करवून दाखवायला सोनोग्राफीसारखे साधन नाही. काचेने बोट कापल्यावर तर कोणत्याच चित्राची गरज नसते. बोट वाकवायला सांगितले की समजते. पण फ्रॅक्चर झालेल्या पायाचा एमआरआय त्या रात्री सहसा होत नाही, सांगाडी लावलेल्या रुग्णाला बऱ्याच ठिकाणी नाकारला जातो, आणि खर्च वेगळाच. सीटी मात्र झालेलाच असतो.

म्हणून आमची सूचना अशी. चिठ्ठी लिहिणाऱ्याने नुसते 'सीटी अँकल' न लिहिता 'सॉफ्ट टिश्यू रिकन्स्ट्रक्शन हवे, टेंडन पाहावे' एवढे जोडावे. सीटी केंद्राने टाच, घोटा आणि मनगट यांच्या फ्रॅक्चरसाठी हे चित्र न मागताही बनवावे, फिल्मवर त्याची निदान एक पट्टी छापावी, आणि सीडीत ते नक्की घालावे. दूरवरून संगणकावर अहवाल देणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडे बऱ्याचदा फक्त हाडाचे काप पोचतात; त्यांनी सॉफ्ट टिश्यूचे काप मागवून घ्यावेत. अहवालाच्या ठरलेल्या नमुन्यात टेंडनसाठी जागा असावी आणि तिथे पाचांपैकी एक शब्द यावा: जागेवर, सरकलेले, अडकलेले, तुटलेले, किंवा सांगता येत नाही. शेवटचा पर्याय आम्ही मुद्दाम घातला आहे. तो नसला तर घाईत सगळीकडे 'जागेवर' असा शिक्का बसेल, आणि काही न लिहिण्यापेक्षा ते वाईट. अति उत्साहाने सगळ्या सुजलेल्या टेंडनना 'तुटले' म्हणणेही तितकेच वाईट. त्यापायी रुग्णाला नको असलेला छेद पडतो.

रुग्णांनी आणि नातेवाइकांनी सीडी मागून घ्यावी, ती चालते का हे तिथल्या तिथे पाहावे, आणि हाड जुळले तरी फेकू नये. हाड जुळल्यावरही घोट्यामागे काही सरकत असेल, टाचेच्या बाहेरच्या बाजूला बोट ठेवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, पायाचा अंगठा सरळ होत नसेल, तर ती जुनी सीडी घेऊन जावे आणि त्यात टेंडन पाहिले होते का, असे विचारावे. नवा सीटी करण्याआधी जुना उघडून पाहणे फुकट असते.

आपले नम्र,
एक रेडिओलॉजिस्ट आणि एक अस्थिरोग शल्यचिकित्सक,
कोल्हापूर